न लागलेल्या बोअरचा हिशेब

नारळ उभा राहिला तेव्हा माझं यंत्र अजून जीपमधून उतरायचं होतं. माण तालुक्यातलं गाव, मे महिना, सकाळचे साडेआठ. पाणाडी आबांनी सोललेला नारळ तळहातावर आडवा धरला होता आणि बांधाच्या कडेकडेने ते अनवाणी चालले होते. बाभळीपाशी नारळ डुगडुगला, उचलला गेला आणि तळहातावर सरळ उभा राहिला. मागची वीस-पंचवीस माणसं जागच्या जागी थांबली. आबांनी टाचेने खूण केली, कोणीतरी तिथे चुन्याची फक्की टाकली, आणि आबा म्हणाले, "सव्वाशे फुटाच्या आत लागंल. गोडं पाणी."

मग सगळे माझ्याकडे वळले. नोकरीला लागून मला जेमतेम तीन वर्षं झाली होती. मी चार खुंट्या जमिनीत ठोकल्या, वायरी पसरल्या, दोन तास उन्हात आकडे उतरवले, आलेख काढला आणि म्हटलं, "ओढ्याकडच्या पट्टीत पाणी लागायची शक्यता बरी आहे. दहातले सहा-सात धरा. किती लागेल ते आत्ता सांगता येणार नाही."

शेतकरी जरा घुटमळला. "मॅडम, राग मानू नका, पण आबा छातीठोक सांगतायत. तुम्ही दहातले सहा म्हणता. उरलेल्या चारांत मीच निघालो तर?"

बोअर बाभळीपाशीच मारलं. एकशेदहा फुटांवर पाणी लागलं. आबांना टोपी-उपरणं मिळालं, मला चहा मिळाला. परतीच्या वाटेवर ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "मॅडम, एक नारळ ठेवायचा का गाडीत?"

या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली. निवृत्त झाले तरी कोणी ना कोणी अजून विचारतंच, की नारळाने पाणी सापडतं का हो? 'नाही' हे उत्तर एका शब्दाचं आहे, पण त्या एका शब्दावर विश्वास ठेवायला कोणी तयार नसतं. का नसतं, ते कळायला मला जवळजवळ सगळी नोकरी लागली.

दगडांचा डॉक्टर

भूवैज्ञानिक म्हटलं की लोकांना वाटतं, हा दगड गोळा करणारा माणूस. खरं तर आमच्या विषयाला शेजारी फार. विहिरीला पाणी लागेल का, धरणाच्या पायाखालचा खडक भार पेलेल का, डोंगर घसरेल का, भूकंप का झाला, कोळसा कुठे मिळेल, वाळू उपसली तर नदीचं काय होईल, हाडाचा दगड झालेला प्राणी कोणत्या काळातला, हे सगळं एकाच छपराखाली येतं. त्यासाठी रसायन लागतं, भौतिकशास्त्र लागतं, जीवशास्त्र लागतं आणि दोन पाय लागतात. माझ्याबरोबर शिकलेल्यांपैकी एकजण समुद्रातल्या तेलविहिरीवर गेला, एकजण बोगद्यांच्या कामावर, आणि मी विहिरींच्या वाटेला लागले.

आपल्या राज्याची गंमत अशी की त्याच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभागाखाली एकच खडक आहे : काळा बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर येऊन पसरला. थरावर थर चढले. पाच लाख चौरस किलोमीटरचा हा पसारा आजही उरला आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन हजार मीटरच्या घरात जाते. कळसूबाई काय, रायगड काय, वेरूळचं कैलास लेणं काय, सगळं याच दगडातलं.

एका शाळेत हे सांगत असताना मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. "सहा कोटी वर्षं कशावरून? तुम्ही होता का तिथे?" वर्गात हशा पिकला. गुरुजी त्याच्यावर डोळे वटारायला लागले, मी त्यांना थांबवलं. माझ्या मते त्या तासातला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता.

त्या मुलांना घेऊन आम्ही जवळच्या घाटात गेलो. रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात पोळीच्या पदरांसारखे थर दिसतात. दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाची पट्टी असते, हातभर, कधी त्याहून जाड. आमच्याकडे तिला गेरूचा थर म्हणतात. मी मुलांना ती नखाने खरवडायला लावली. काळ्या दगडावर नख चालत नव्हतं. या पट्टीची मात्र भुकटी हातावर येत होती. एक लाव्हा थंड झाला, उन्हापावसाने त्याचा वरचा भाग कुजला, माती झाली, मग पुढचा लाव्हा त्या मातीवर आला आणि ती विटेसारखी भाजली गेली. म्हणजे दोन थरांच्या मध्ये माती होण्याइतका काळ गेला. आपल्या शेतात टणक दगडाची बोटभर माती व्हायलाही कित्येक पिढ्या जातात, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही.

वर्षांचा नेमका आकडा प्रयोगशाळेतून येतो. खडकातल्या पोटॅशियमचा एक बारीकसा अंश किरणोत्सारी असतो आणि अगदी ठरलेल्या गतीने त्याचा आर्गॉन वायू होत राहतो. अर्धा अंश संपायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. लाव्हा घट्ट झाला की हा वायू आत कोंडला जातो. कोंडलेला वायू मोजायचा, उरलेलं पोटॅशियम मोजायचं आणि भागाकार करायचा. घागर किती भरली आणि नळाची धार केवढी, एवढं ठाऊक असलं की नळ कधी सोडला ते सांगता येतं, तसं हे आहे. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "घागर गळकी असली तर?" मी म्हटलं, "बाळा, तू इकडेच ये." वायू निसटला की वय चुकतं, हे खरंच आहे. म्हणून एकाच खडकाचं वय वेगवेगळ्या पद्धतींनी काढतात आणि उत्तरं जुळतात का ते पाहतात.

पाणी राहतं कुठे?

आता बाभळीपाशी परत येऊ. आबांचं पाणी लागलं ते का?

जमिनीखाली नद्या वाहतात, त्यांच्या शिरा असतात आणि त्या शिरेवर नेमकं बोट ठेवलं की पाणी, अशी आपली समजूत असते. आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी तसं वाहत नाही. वरून माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक, मग काळा पाषाण, हा क्रम जुन्या विहीर खोदणाऱ्यांना तोंडपाठ असतो. मुरमाच्या आणि मांजऱ्याच्या पोकळ्यांत, काळ्या पाषाणाच्या फटींत आणि दोन थरांच्या सांध्यात पाणी मुरून राहतं. ओल्या फडक्यात पाणी असतं तसं ते असतं. हे फडकं ओढ्याच्या काठाला, खोलगट जागी बहुतेक सगळीकडे ओलं असतं आणि टेकाडावर लवकर सुकतं.

समजा, एखाद्या खोलगट शिवारात कुठेही बोअर मारलं तरी दहातल्या सहा ठिकाणी थोडंफार पाणी लागतं. मग तिथे नारळवाल्याची दहातली सहा बरोबर येणार. डोळे मिटून दगड भिरकावणाऱ्याचीही सहाच येणार. आबांची बाभूळ ओढ्यापासून चाळीस पावलांवर होती. आबा आयुष्यभर शिवारं तुडवलेला माणूस. जमिनीचा उतार, हिरवं राहिलेलं गवत, शेजारची विहीर हे त्यांचे डोळे टिपत होतेच. यात नवल नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत 'उदकार्गल' नावाचा अख्खा अध्याय पाण्याच्या खुणांवर लिहिला आहे आणि त्यात वारुळं आणि झाडं या खुणा वारंवार येतात. खोल मुळांची झाडं ओल दाखवतात, त्यात तथ्य आहे. पण त्या निरीक्षणाचं श्रेय नारळाला मिळतं.

नारळ उभा राहतो तो कसा? आबा लबाडी करत नव्हते. मनात अपेक्षा असली की हाताचे स्नायू माणसाच्या नकळत किंचित हलतात. १८५३ साली लंडनमध्ये टेबलं आपोआप फिरवण्याचं खूळ आलं होतं, तेव्हा मायकेल फॅरेडेने याची परीक्षा घेतली. हात आणि टेबल यांच्या मध्ये त्याने मऊ लुकणाने चिकटवलेल्या पुठ्ठ्यांची चळत ठेवली. टेबल भुताने फिरत असतं तर खालचे पुठ्ठे आधी सरकायला हवे होते. आधी सरकले ते वरचे. म्हणजे ढकलत होते हातच आणि हातवाल्यांना त्याचा पत्ता नव्हता. नारळ, बेचक्याची काडी, तांब्याची सळई, साखळीला बांधलेली किल्ली, या सगळ्यांचं यंत्र हेच.

जर्मनीतल्या कासेल इथे १९९० साली सुमारे तीस पाणाड्यांची रीतसर चाचणी झाली. अर्धा मीटर खोल पुरलेल्या नळ्यांपैकी कोणत्या नळीतून पाणी वाहतंय, एवढंच सांगायचं होतं. नळ्यांच्या जागा वर खुणा करून दाखवल्या होत्या. चाचणी न्याय्य आहे आणि आपण शंभर टक्के बरोबर येऊ, असं सगळ्यांनी आधी लिहून दिलं होतं. निकाल नाणेफेकीइतकाच लागला.

हे सगळं मी गावोगाव सांगत असे. लोक मन लावून ऐकत, माना डोलवत आणि दुसऱ्या दिवशी नारळ आणत. चूक लोकांची आहे, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

माझी खूण

मग माझी पाळी आली. शेजारच्याच गावात एका शेतकऱ्याने नारळवाल्याला नाही म्हटलं आणि मला बोलावलं. शिकलेला माणूस होता, विज्ञानावर श्रद्धा असलेला. 'श्रद्धा' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे.

आमचं यंत्र जमिनीत वीज सोडतं आणि खालचा थर तिला किती अडवतो ते मोजतं. सुका, अखंड काळा पाषाण विजेला जोरात अडवतो, तिथे आकडा सत्तर ओहम-मीटरच्या वर जातो. कुजलेला, पाण्याने भरलेला खडक कमी अडवतो, आकडा वीस ते चाळीसच्या आसपास येतो. त्याच्या शेतात आकडा छान खाली आला होता. मी खूण केली. गाडी आली. बोअरच्या गाड्या बहुतेक तमिळनाडूतल्या, त्यावरची पोरं रात्रभर काम करतात. शंभर फूट गेलं, दीडशे गेलं, नुसता धुरळा. एकशेऐंशीला लालसर चिखलाचे गोळे वर आले. तो गेरूचा थर होता. चिकणमातीही विजेला कमी अडवते, पण तिच्यातलं पाणी ती सोडत नाही. आलेखावर ओला खडक आणि चिकणमाती कधी कधी एकसारखे दिसतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्याला मी ते सांगितलं नव्हतं.

पहाटे गाडीवाल्याने फुटांचा हिशेब करून पैसे मागितले. शेतकऱ्याची आई ओट्यावर बसली होती. ती मला काही बोलली नाही. मुलाला म्हणाली, "नारळाला निदान फोडून खाता तरी आलं असतं."

मी त्याला निष्कर्ष दिला होता, पुरावा दिला नव्हता. आलेख माझ्या फायलीत होता आणि त्याच्या हातात फक्त माझी टाचेची खूण. बाहेरून पाहणाऱ्याला माझ्यात आणि आबांत फरक काय दिसणार? दोघांनी खूण केली, आणि आबांची खूण जास्त ठाम होती.

तुम्हीच तर बदलता

लोकांच्या संशयाचं दुसरं कारणही खोटं नाही. "शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरं," हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. दक्षिणेकडचं पठार स्थिर आहे, इथे मोठे भूकंप व्हायचे नाहीत, असं आमच्याच विषयाची पुस्तकं सांगत. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. धरणात पाणी साठवायला सुरुवात होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. धरणाच्या पाण्याने भूकंपाला चालना मिळते का, यावर तज्ज्ञांतच जोरदार वाद झाला. पुढची कित्येक दशकं तिथल्या धक्क्यांच्या नोंदी ठेवल्या, जलाशयाच्या पातळीशी त्या ताडून पाहिल्या, अगदी तीन किलोमीटर खोल छिद्रही घेतलं. आज कोयना हे जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचं जगातलं ठळक उदाहरण मानतात.

लोणारचंही तेच. पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंदीचं ते विवर सगळीकडे ज्वालामुखीचा खडक असलेल्या प्रदेशात, तेव्हा ते ज्वालामुखीचंच असणार, असं बराच काळ मानलं गेलं. उल्कापाताच्या प्रचंड दाबानेच तयार होणारी काच तिथल्या खडकात सापडली आणि १९७० च्या दशकात मत फिरलं. त्याचं वय किती, यावर त्यानंतरही वाद चालू राहिला. पन्नास हजार वर्षं म्हणणारे होते, पाच लाखांच्या वर म्हणणारेही निघाले.

मत बदललं म्हणजे शास्त्र फसलं, असं ऐकणाऱ्याला वाटतं. पण मत कशाने बदललं ते पाहा. कोणी मोठ्याने बोललं म्हणून बदललं नाही, खडकात काच सापडली म्हणून बदललं. नारळाचं मत कधी बदललेलं कोणी पाहिलंय का? पाणी लागलं तर नारळ खरा. नाही लागलं तर झरा सरकला, गाडीवाल्याने तिरकं मारलं, घरात सुतक होतं. जे कधी चुकूच शकत नाही, त्याला तपासायचं कसं?

किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ साली, लोक विचारायचे, पुढचा कधी? आमचं उत्तर होतं : तारीख सांगता येत नाही, घरं बरी बांधता येतात. तारीख सांगणारे मात्र गल्लोगल्ली होते, आणि अख्खी गावं थंडीत बाहेर झोपायची. डोंगराचं निराळं आहे. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला, दीडशेच्या आसपास माणसं गेली. पुढे २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी. उतारावर नव्या भेगा पडणं, झाडं नि खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा नव्याच जागी पाणी फुटणं, या खुणा दिसल्या आणि पावसाने ठाण मांडलं असलं, की तिथून उठायचं. आजच घसरेल, असं मी सांगू शकत नाही. दहा वेळा उठून दहाही वेळा काही झालं नाही, तर अकराव्या वेळी माझं कोण ऐकणार? तरीही दहाही वेळा उठणंच शहाणपणाचं होतं, हे पटवणं आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

दोरी आणि खडू

माझ्या पद्धतीत बदल झाला तो त्या सुक्या बोअरनंतर. गावात गेलं की यंत्र काढायचं नाही, असं मी ठरवलं. आधी एक दोरी काढायची. दोरीला हातभरावर गाठी आणि टोकाला वजन. गावातल्या आठ-दहा विहिरींची पाण्याची पातळी गावकऱ्यांनीच मोजायची, दर महिन्याला, आणि शाळेच्या भिंतीवर खडूने लिहायची. जुनी माणसं खोली सांगताना "सात परस विहीर" अशा भाषेत बोलत, आम्ही भिंतीवरही परसच लिहिले. शेजारी पावसाचा आकडा. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची आणि शेतीसाठी बोअर न मारायची शिस्त लावून घेतली, हे तोवर सगळीकडे गाजलं होतं.

मग भिंतीवरच गणित करायचं. एक हेक्टर जमीन, खाली पाच मीटर जाडीचा ओला मुरूम. त्यातलं उपसता येण्याजोगं पाणी शंभराला दोन धरू. झालं एक हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. ऐकायला केवढं वाटतं! पण त्याच हेक्टरवर एकदा चार इंच पाणी भरलं की सगळं संपलं. हे गणित एका गावात चौथी शिकलेल्या बाईने माझ्याआधी सोडवलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आणि हे ऊस लावायचा म्हणतायत."

याच नादात मी बाभळीच्या गावात पुन्हा गेले. आम्ही गावातल्या सगळ्या बोअरची यादी करायला बसलो : कोणी दाखवलं, किती फूट, पाणी लागलं का, आज चालू आहे का. लागलेली बोअर पटापट सांगून झाली. सुकी कोणाला आठवेनात. सुक्या बोअरच्या तोंडावर दगड ठेवतात, चार पावसाळ्यांत त्यावर गवत येतं, आणि पैसे बुडाल्याचं कोण चारचौघांत सांगेल?

आबा कोपऱ्यात बसले होते. आता थकले होते, हातात काठी. बराच वेळ ऐकून घेतल्यावर म्हणाले, "लिहा." आणि एकेक सांगत गेले. थोरल्या वावरात, आंब्याच्या खाली, दोनशे फूट, सुकं. देवळामागं, अडीचशे, सुकं. ओढ्यापलीकडचं टेकाड, तीन बोअर, तिन्ही सुकी. कोणाचं, कोणत्या साली, किती फूट, सगळं पाठ. वहीचं पान उलटलं.

सरपंच म्हणाले, "आबा, एवढं ध्यानात हाय तुमच्या?"

"लागल्यालं ज्याचं त्याच्या ध्यानात राहतं," आबा म्हणाले. "न लागल्यालं माझ्याशिवाय कोण ठेवणार?"

ती यादी शाळेच्या भिंतीवर गेली. नकाशावर टिंबं टाकली तेव्हा कोणालाही दिसावं असं चित्र उमटलं : चालू बोअर ओढ्याच्या दोन्ही अंगांना, सुकी टेकाडावर. नारळाचं नाव मी काढलं नाही आणि दुसऱ्या कोणी काढायची गरज उरली नाही. त्या वर्षी टेकाडावर बोअरची गाडी चढली नाही. पुढच्या वर्षी एकाने नारळ फिरवून मारलंच, पण आधी तो भिंतीपाशी येऊन गेला आणि त्याने खूण ओढ्याच्या अंगाला करून घेतली.

आबांचं सांगून झाल्यावर त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "आता तुमचं." मी शेजारच्या गावाचं नाव लिहिलं. एकशेऐंशी फूट. सुकं. गेरू. 'कोणी दाखवलं' या रकान्यात माझी सही.